परळातले पाणी आणि बागेतला बाक

मागील दोन अंकांनंतर या सदराकडे आलेल्या पत्रांत रक्तदाब आणि गुडघे यांविषयीचे प्रश्न नेहमीपेक्षा कमी आहेत. पक्ष्यांविषयीचे मात्र बरेच आहेत. गच्चीत पाणी ठेवले तर त्यातून रोग पसरेल काय, कबुतरांना दाणे घालण्याचा वडिलांचा नेम मोडावा काय, समोरच्या झाडावरच्या वटवाघळांना भ्यावे काय, असे ते प्रश्न आहेत. सर्वांत अधिक वेळा विचारलेला प्रश्न एकच: लस घेतल्यावर आईला (किंवा बाबांना) बागेत नेता येईल काय?

हा प्रश्न समजण्यासारखा आहे. २०२० साली २२ मार्चला जनता संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. त्यानंतर दुकाने उघडली, कचेऱ्या उघडल्या, रस्ते पुन्हा वाहू लागले. परंतु पासष्टीपुढील व्यक्तींनी शक्यतो घरातच राहावे ही सूचना कायम राहिली आणि बहुतेक घरांनी ती अतिशय निष्ठेने पाळली. घरातील ज्येष्ठ माणसाला आपण आजारापासून वाचवले, हे खरेच. पण त्या वर्षाची किंमत त्यांच्या पायांनी, झोपेने आणि मनाने मोजली आहे. २०२१ साली १ मार्चपासून साठीपुढील सर्वांना लस मिळू लागली. त्याच वेळी अमरावती-अकोल्याकडे पुन्हा निर्बंध आले होते आणि पुण्यातील आकडेही चढत होते. दार उघडावे की लावावे, अशी ती संधिकालातील अवस्था होती. आज घराच्या कठड्यापासून बागेतल्या बाकापर्यंतचा विचार करू.

आरंभी एक गैरसमज बाजूला ठेवतो. टाळेबंदीत पक्षी शहरात ‘परत आले’ असे पुष्कळांनी लिहिले. शिंजीर, बुलबुल, दयाळ, तांबट, भारद्वाज हे आपल्या वस्तीचे जुनेच रहिवासी आहेत. ते कोठे गेले नव्हते. वाहनांचा गोंगाट थांबल्यामुळे ते आपल्याला ऐकू येऊ लागले आणि घरात बसल्यामुळे आपल्याला पाहण्यास सवड मिळाली. याचा अर्थ इतकाच, की रहदारी पूर्ववत झाली तरी हा शेजार संपलेला नाही. आपण सवय मात्र टिकवावयास हवी.

आता शरीराकडे येऊ. उतारवयात स्नायू फार लवकर झिजतात. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो स्नायू कमी झाला. घरात बसून राहणे म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे. परंतु वर्षभर स्वयंपाकघर, दिवाणखाना आणि न्हाणीघर इतकाच वावर राहिला तर मांड्यांची ताकद ओसरतेच. खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागू लागला की ते त्याचे पहिले लक्षण समजावे.

माझ्या परिचयाचे एक ७९ वर्षांचे गृहस्थ आहेत. डिसेंबरमध्ये त्यांना खुर्चीतून उठवण्यास सुनेचा हात लागत असे. व्यायामाचे नाव काढले की ते वृत्तपत्र तोंडापुढे धरीत. सुनेने शेवटी व्यायामाचा विषय सोडला आणि सज्जात मातीचे एक परळ आणून ठेवले. “बाबा, सकाळी आणि चार वाजता यात पाणी घालण्याचे काम तुमचे. माझ्याकडून राहून जाते,” एवढेच ती म्हणाली. दोन दिवसांत साळुंक्या आल्या, आठवड्यात बुलबुल आले. कोणता पक्षी आला हे पाहण्यासाठी गृहस्थ दिवसातून दहा-बारा वेळा उठू लागले. खुर्चीतून उठणे आणि बसणे हाच तर भौतिकोपचारतज्ज्ञ सांगतात तो व्यायाम! फेब्रुवारीत ते हातांचा आधार न घेता उठत होते. मी यात चमत्कार पाहत नाही. मनुष्याला उठण्यासाठी काही कारण लागते आणि ते कारण सुनेने अचूक हेरले, इतकेच.

परळ कसे असावे? पसरट आणि उथळ. पाणी बोटाच्या दोन पेरांहून खोल नको. आत एखादा खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे मधमाश्यांना बसता येते आणि त्या बुडत नाहीत. जागा सावलीची असावी, पण दाट झुडपाला अगदी खेटून नसावी. तेथे मांजर दबा धरून बसते. पाणी रोज बदलावे. डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांत होते आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेजवळ चिकटून राहतात. ती सुकली तरी कित्येक महिने जिवंत असतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून दोनदा काथ्याने परळ घासावे. साबण नको. पक्ष्यांची विष्ठा पाण्यात पडते, तेव्हा घासण्याचा काथ्या वेगळा ठेवावा आणि नंतर हात धुवावेत. परळ उचलून नेऊ नये, तांब्याने पाणी घालावे. सांडलेले पाणी लगेच पुसावे, कारण ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचे हाड मोडणे ही भीती पक्ष्यांपासूनच्या रोगापेक्षा कितीतरी मोठी आहे. आणखी एक सुचवितो. वय वाढले की तहानेची जाणीव बोथट होते. पक्ष्यांचे पाणी भरले की आपणही पेलाभर पाणी प्यावे, असा जोडनेम ठेवावा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर ती अर्थातच पाळावी.

खाण्याच्या बाबतीत मी थोडा कठोर आहे. शेव, फरसाण, बिस्किटे, पाव यांतले काहीही पक्ष्यांना घालू नये. मूठभर बाजरी, राळे किंवा तांदळाच्या कण्या पुरेत, आणि त्याही सायंकाळपर्यंत संपतील इतक्याच. उरलेल्या दाण्यांवर उंदीर येतात. खरे म्हणजे दाण्यांपेक्षा किडे राखणे महत्त्वाचे. २० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो. २०१० पासून तो साजरा होतो. त्या दिवशी लाकडी घरटी वाटली जातात, हे चांगलेच; परंतु चिमणीची पिले दाण्यांवर वाढत नाहीत. पहिले काही दिवस आईबाप त्यांना अळ्या, मावा असले मऊ किडे भरवितात. कुंडीतल्या गुलाबावर दर आठवड्याला कीटकनाशक फवारणाऱ्या घरात चिमणीने बिऱ्हाड थाटावे, ही अपेक्षा व्यर्थ आहे. घरटे टांगावयाचे असल्यास ते सावलीत, आठ-दहा फूट उंचीवर असावे. आणि ते टांगण्यासाठी आजोबांनी स्टुलावर चढू नये. हे काम नातवाचे.

कढीपत्त्याच्या कुंडीत अळ्या दिसल्या की त्या झटकून टाकण्याची आपली रीत आहे. या वर्षी एखाद-दुसरी अळी राहू द्यावी. ती फुलपाखराची असते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी, काळपट-पांढरी दिसते, म्हणून भक्षक तिला टाळतात. पुढे ती हिरवीगार होते, मग कोष करते आणि साधारण महिनाभरात अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास पुरा होतो. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले काळे-निळे मोठे फुलपाखरूदेखील लिंबाच्या जातीच्या झाडांवरच अंडी घालते. अंथरुणावरून उठू न शकणाऱ्या माणसाच्या खिडकीशी अशी एक कुंडी ठेवून पाहावी. दिवसातून एकदा ती कुंडी फिरवून अळी कोठे आहे ते दाखविण्यास काळजी घेणाऱ्याची पाच मिनिटे जातात. पण त्यामुळे आज आणि उद्या यांत काही फरक उरतो. दीर्घ आजारात तोच पुसला जातो. रुईवरही फुलपाखरे येतात, परंतु रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. कमी दिसणाऱ्या व्यक्तीच्या हाताशी रुई लावू नये.

आता कबुतरे. या विषयावर लिहिले की रोषाची पत्रे येतात, तरी लिहिणे भाग आहे. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांचा भुगा वर्षानुवर्षे श्वासातून आत गेला, तर काही व्यक्तींच्या फुप्फुसांत ॲलर्जीचा एक दाह सुरू होतो. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, कधी सायंकाळी कणकण. हा दाह चालूच राहिला तर फुप्फुस कडक होत जाते आणि गेलेली लवचीकता परत येत नाही. करोनाच्या साथीच्या काळात असा खोकला झाला की प्रथम करोनाची चाचणी होत असे. पण असा खोकला तीन-चार आठवडे रेंगाळला, तर डॉक्टरांना ‘आमच्या सज्जात कबुतरे आहेत’ हे आवर्जून सांगावे. विचारल्यावाचून ही गोष्ट त्यांना कळणार नाही. वडिलांचा दाणे घालण्याचा नेम श्रद्धेचा असेल, तर तो तोडू नये, वळवावा. त्याच दाण्यांचे पैसे गोशाळेला किंवा जखमी पक्ष्यांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेला द्यावेत, किंवा पाण्याचे परळ भरावे. भूतदया तीच राहते. सज्जाला जाळी लावावी. साठलेली विष्ठा कधीही कोरडी झाडू नये. पाणी शिंपडून, भिजवून, मुखपट्टी व हातमोजे घालून घरातील तरुण व्यक्तीने ती काढावी. दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्याने त्या वेळी तेथे थांबूही नये.

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला, तेव्हा परळाविषयी भीती वाढली. निरोगी बुलबुल पाण्यावर येण्यात घाबरण्यासारखे काही नाही. मेलेला पक्षी मात्र उघड्या हाताने उचलू नये. एकाच ठिकाणी अनेक पक्षी मरून पडलेले दिसले तर पशुसंवर्धन विभागाला किंवा महापालिकेला कळवावे.

वटवाघळांना तर २०२० साली उगाच आरोपी केले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या, एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातील वटवाघळांच्या दोन जातींत करोना कुळातील विषाणू सापडले; पण ते करोनाच्या साथीस कारण झालेले विषाणू नव्हेत आणि त्यांनी माणसांना आजार होतो असा पुरावाही मिळालेला नाही. करोना आपल्याला माणसांपासून होतो, समोरच्या उंबरावरच्या वटवाघळांपासून नव्हे. त्यांना हुसकावू नये, दगड मारू नयेत, आणि त्यांच्यासाठी झाड तोडण्याचे अर्ज तर मुळीच करू नयेत. खाली पडलेले वटवाघूळ हाताळू नये आणि उष्टावलेली फळे खाऊ नयेत, एवढा सावधपणा पुरे.

उंबऱ्याबाहेरचा विचार करताना पहिली गोष्ट म्हणजे लस घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी कवच चढत नाही. दुसऱ्या मात्रेनंतर सुमारे दोन आठवडे जावे लागतात आणि २०२१ साली त्यानंतरही मुखपट्टी व अंतर सुटत नव्हते. परंतु बंद खोलीपेक्षा मोकळ्या हवेत संसर्गाची शक्यता फार कमी असते, हेही तितकेच खरे. माझे स्पष्ट मत असे, की लग्नाच्या पंगतीला आईला नेण्यापेक्षा बागेत नेणे शतपटीने सुरक्षित आहे. आणि दुर्दैवाने तेव्हा पुष्कळ घरांत याच्या उलट चालले होते. आपल्या गावातील बागेच्या वेळा पाहून गर्दी नसलेली वेळ निवडावी. पुण्यात सारसबाग किंवा एम्प्रेस गार्डन मोठी असली, तरी पहिल्या दिवसासाठी घराजवळची, चार बाकांची प्रभागातली बागच योग्य. तेथून परत येणे सोपे असते.

पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे चालणे आणि दहा मिनिटे बसणे पुरे आहे. पायांत मागे पट्टा असलेली पादत्राणे, हाती काठी, खिशात पाणी आणि मधुमेह असल्यास खाण्याचे काही. हिरवळीवर अनवाणी चालल्याने दृष्टी सुधारते हा समज फार प्रचलित आहे. त्याला आधार नाही, आणि मधुमेहाने तळपायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीला रुतलेला काटा कळतही नाही. तसेच कोवळ्या उन्हाचे. ते आल्हाददायक आहे, त्याने शरीराचे घड्याळ सुधारते, रात्री झोप बरी लागते. पण ड-जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्या वेळी क्षीण असतात. डॉक्टरांनी दिलेली गोळी बागेत जातो म्हणून बंद करू नये. साथीच्या काळात हास्यसंघाचे मोठ्याने हसणे लांबणीवर टाकणे योग्य होते, कारण गर्दीत घशातून जोराने बाहेर पडणारी हवा हीच तर अडचण होती.

आणि कट्टा. वर्षानंतर बागेत जाणाऱ्या ज्येष्ठांना बाकावरची एखादी जागा रिकामी दिसणार आहे. बरोबर जाणाऱ्याने हे आधी ठाऊक करून घ्यावे. बातमी घरी, शांतपणे सांगावी. बागेच्या फाटकाशी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ती कळू नये. त्या दिवशी चालणे झाले नाही तरी चालेल, नुसते बसून यावे.

मार्चच्या दिवसांत बागेत पाहण्यासारखे पुष्कळ असते. पांगारा आणि पळस फुलले असतील, तर त्यांवर साळुंक्या आणि पळसमैना यांची झुंबड दिसते. पळसमैना त्यानंतर थोड्याच दिवसांत उत्तरेकडे निघतात. पिंपळाला तांबूस पालवी येते, करंज जुनी पाने टाकून लखलखीत पोपटी होतो. खाली पडलेला पाचोळा जाळणारा माळी दिसला, तर त्याला न रागावता विनंती करावी. त्या धुराने दमेकऱ्यांचा श्वास कोंडतो, आणि पाचोळा झाडाखाली राहिला तर तो उलथून किडे टिपणारे सातभाई आणि दयाळ बागेत टिकतात.

ज्यांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, त्यांनी ऐकावे. तांबटाची ‘टुक टुक’, कोकिळाची चढती तान, भारद्वाजाचा घुमणारा ‘हूप हूप’ ही सर्व या दिवसांत सुरू होतात. वयाबरोबर आधी तीव्र, बारीक स्वर ऐकू येईनासे होतात आणि खर्जातले शेवटपर्यंत राहतात. शेजारी बसलेल्याला शिंजिराची किलबिल ऐकू येते, आपल्याला भारद्वाज तेवढा ऐकू येतो, असे झाले तर ते कानांच्या तपासणीस जाण्याचे पुरेसे कारण आहे. नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ वाचनालयातून आणावा. एकाच पक्ष्याची गावोगावची नावे त्यात भेटतात आणि आजोळची भाषा आठवते.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची काळजी घेणाऱ्यांना एक वेगळी सूचना. दिवस कलू लागला की अशा व्यक्ती अस्वस्थ होतात, ‘घरी जायचे’ म्हणून दाराशी येतात. त्याच्या थोडे आधी, पाचच्या सुमारास, त्यांना बागेत नेऊन पाहावे आणि दिवे लागण्यापूर्वी परतावे. अंधुक उजेडात सावल्यांचे भय वाटते. रिकामा कोपरा निवडावा. सर्वांत महत्त्वाचे हे की, परीक्षा घेऊ नये. “आई, हा कोणता पक्षी, ओळख पाहू?” या प्रश्नाने तिचा चेहरा उतरतो. “आई, साळुंक्या आल्या बघ,” असे म्हणावे. ती काही बोलली तर ऐकावे, नाही बोलली तर साळुंक्या तेथे आहेतच.

शेवटी कोल्हापूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र. सज्जातील कपड्यांच्या दोरीखालच्या कुंडीत बुलबुलाने घरटे केले आहे, तीन अंडी आहेत, आणि सासूबाई दोरीला हात लावू देत नाहीत. सासूबाईंचे बरोबर आहे. पिले निघण्यास १२ ते १४ दिवस आणि उडून जाण्यास त्यानंतर साधारण तितकेच दिवस लागतात. पिलू खाली पडलेच, तर अलगद उचलून घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. त्या कुंडीला पाणी कडेने, थोडेसे घालावे. कपडे महिनाभर घरात किंवा गच्चीत वाळवावेत, आणि सासूबाईंची खुर्ची दाराच्या आत, घरटे दिसेल पण पक्षी बुजणार नाही अशा बेताने ठेवावी.